वाढत्या वयातील ताकद

ताकदीचा व्यायाम म्हणजे स्नायूंना कशाच्या तरी विरोधात जोर लावायला लावणे. हा विरोध स्वतःच्या शरीराच्या वजनाचा असेल, रबरी पट्ट्याचा असेल, जोडीदाराच्या रेट्याचा असेल किंवा लोखंडी डंबेलचा. स्नायूंच्या लेखी त्यात फारसा फरक नसतो. साधा पुश-अप मारताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. पस्तीस किलोच्या मुलासाठी तो तेवीस-चोवीस किलो झाला. तालमीत जाऊन त्याने तो रोज पेलला तर घरचे कौतुक करतात. त्याच्या हातात तीन किलोचे डंबेल दिसले की मात्र ‘उंची खुंटेल’ म्हणून काढून घेतात.

या भीतीचे मूळ हाडांच्या रचनेत आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी इथेच वाढते. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयात या थराचे हाड होते आणि वाढ थांबते. तोवर तो आजूबाजूच्या हाडापेक्षा, अगदी सांध्यातल्या लिगामेंटपेक्षाही नाजूक असतो. ज्या फटक्याने मोठ्या माणसाचे लिगामेंट दुखावेल, त्याच फटक्याने मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. त्यात १९६० च्या दशकात जपानच्या दुर्गम भागातल्या बालमजुरांची उंची कमी भरल्याची नोंद झाली आणि जड वजन व खुंटलेली उंची यांची सांगड पक्की बसली. पण ती मुले दिवसदिवस ओझी वाहत होती. आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास, जाणत्याच्या नजरेखाली केलेला व्यायाम आणि ती मजुरी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

गेल्या काही दशकांत मुलांच्या ताकदीच्या व्यायामावर भरपूर संशोधन झाले. नीट आखलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामाने उंची कमी झाल्याचे त्यात कुठेही आढळलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० च्या अहवालात अशा व्यायामाला पाठिंबा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगतात आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत असेही सांगतात. इजा होतात त्या बहुतेक वेगळ्याच कारणाने. अमेरिकेत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात वजने उचलताना जखमी होऊन आलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ८ ते १३ वयोगटातल्या दोन तृतीयांश इजा हातापायांच्या पंजांना झालेल्या निघाल्या. वजन पायावर पडणे, बोट चेमटणे, अशा त्या इजा होत्या. शेजारी मोठे माणूस नसणे आणि साहित्य पडून असणे हा तिथला खरा धोका.

उलट मैदानावर रोज सहन होणारा भार कोणी मोजत नाही. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीझवर आदळतो तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर येतो. एका षटकात सहा वेळा, आणि नेटमध्ये तर किती वेळा याचा हिशेब नाही. ज्या मुलाला हा खेळ चालतो, त्याला हलक्या वजनाच्या दहा बैठका चालणार नाहीत असे मानण्यात काही अर्थ नाही. खेळाचा भार पेलण्याइतके शरीर घडवणे हे काम खेळाच्या आधी व्हायला हवे. आपल्याकडे ते इजा झाल्यावर, फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर सुरू होते.

मुलांमध्ये ताकद वाढते ती मोठ्यांसारखी नव्हे. वयात येण्यापूर्वी शरीरात टेस्टोस्टेरॉन अगदी कमी असते, त्यामुळे दंड-मांड्या भरत नाहीत. तरीही आठ ते बारा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने ताकद ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढते. हा बदल मुख्यतः मज्जासंस्थेत होतो. मेंदू एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामाला लावायला शिकतो, आणि आड येणाऱ्या स्नायूंना वेळेवर सैल सोडायलाही शिकतो. म्हणून या वयात व्यायाम हे कौशल्य म्हणून शिकवावे लागते. पोहणे किंवा तबला शिकवावा तसे, हळू आणि सुधारत. ‘तीन महिने झाले, पोराच्या अंगावर काही दिसत नाही,’ असे म्हणणाऱ्या पालकांनी आरशाऐवजी टेप घ्यावी आणि जागेवरून मारलेली लांब उडी मोजावी. व्यायाम थांबवला तर मात्र कमावलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते.

या सगळ्यात जपण्याची वर्षे म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याची. मुलींमध्ये हा वेग सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास शिखरावर असतो, मुलांमध्ये चौदाव्या. त्या वर्षात मुलगी आठेक आणि मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. आधी हाडे लांबतात. स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद मागाहून येते. मधल्या काळात स्नायू ताणलेले राहतात, पाय लांब झाल्याने तोल बिघडतो आणि काल जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते. खो-खोत सफाईने खांब मारणारी मुलगी अचानक अडखळू लागते. कोच तिला आळशी ठरवतात, पालक मोबाइलला दोष देतात, आणि सराव वाढवला जातो. नेमक्या याच वेळी सराव वाढवणे चूक आहे.

ताणलेला स्नायू जिथे हाडाला चिकटतो, तिथे ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर दुखरा उंचवटा येतो, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखते, ते सेव्हर्स. दोन्ही वाढीच्या वयातली दुखणी आहेत आणि भार कमी केल्यावर बहुतेकांची बरी होतात, पण ‘वाढीचं दुखणं आहे, पळत राहा’ म्हणून दामटवले तर महिनोन् महिने रेंगाळतात. यावर शाळेला सहज जमेल असा उपाय आहे. दर तीन महिन्यांनी प्रत्येक खेळाडूची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजून वहीत तारखेसह लिहावी. उंची एकदम वाढू लागलेली दिसली की पुढचे काही महिने उड्या, वेगाच्या धावा आणि षटके कमी करून तोल, लवचिकता आणि हलक्या ताकदीच्या व्यायामावर भर द्यावा. एकाच चौदा वर्षांखालील संघात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून बालवयात असतो. दोघांना एकच व्यायाम देणे दोघांवरही अन्याय आहे.

याच वर्षांत हाडेही भरतात. प्रौढपणी हाडांमध्ये जेवढे खनिज असते, त्याच्या सुमारे एक चतुर्थांश या वेगवान वाढीच्या आसपासच्या दोन वर्षांत साठते. उड्या आणि ताकदीच्या व्यायामाला हाड या काळात जसा प्रतिसाद देते, तसा पुढे कधी देत नाही.

एकाच खेळाचा अतिरेक हे अलीकडच्या इजांचे मोठे कारण आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मुलाचे वय जितके, त्याहून अधिक तास दर आठवड्याला जी मुले आपला खेळ खेळत होती, त्यांना अतिवापराच्या गंभीर इजा जास्त झाल्या. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास, हा हिशेब कोणालाही लक्षात ठेवता येतो. क्रिकेटमध्ये असा अतिरेक कमरेत दिसतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या किशोरांच्या खालच्या मणक्यात, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, बारीक चीर जाते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने म्हणूनच वयोगटानुसार षटकांची मर्यादा घातली. अनेक वर्षे ती तेरा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटके अशी होती. आपल्याकडे शाळेचे सर शाळेची षटके मोजतात, क्लबचे कोच क्लबची, आणि रविवारच्या टेनिस-बॉल स्पर्धेची कोणीच मोजत नाही. तिन्हींची बेरीज फक्त मुलाच्या पाठीत होते. पालकांनी ती वहीत करावी. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून एकंदर दोन-तीन महिने मुख्य खेळापासून सुट्टी, असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. त्या सुट्टीत पोहावे, सायकल चालवावी, दुसरा खेळ खेळावा.

इजा आधीच टाळता येतात याचा पुरावा फुटबॉलमधून आला. ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. सुरुवातीला हलके पळणे, मग दहाएक मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाच्या धावा. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या १२५ क्लबांमध्ये तो एक हंगाम आजमावला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा वॉर्म-अप करणाऱ्या संघांत एकूण इजा सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर इजा जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. पुढे ७ ते १३ वयाच्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम आला, त्यानेही इजा निम्म्याच्या आसपास घटल्या. जे संघ आठवड्यातून किमान दोनदा तो करतात, त्यांनाच फायदा दिसतो. सामन्याच्या दिवशी हातपाय झटकण्याने काही साधत नाही.

कबड्डी आणि खो-खोला यातून थेट घेण्यासारखे आहे. दोन्ही खेळ झुकून पळण्याचे, एकदम थांबण्याचे आणि दिशा बदलण्याचे. गुडघ्यातले एसीएल नावाचे लिगामेंट तुटते ते बरेचदा कोणाचा धक्का न लागता, थांबताना किंवा उडीवरून उतरताना. वयात आल्यानंतर मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. उतरताना त्यांच्या गुडघ्यांचा आत वळण्याकडे कल असतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंपेक्षा पुढचे स्नायू अधिक ओढतात. हा दोष डोळ्यांना दिसतो. मुलीला फूटभर उंचीच्या बाकावरून दोन्ही पायांवर उतरायला सांगावे आणि समोर बसून पाहावे. पाय जमिनीला लागताच गुडघे एकमेकांकडे झुकले, टाचा धप्पकन वाजल्या, पाठ ताठ राहिली, तर ती अजून मोठ्या उड्यांना तयार नाही. तिला समजावून सांगण्याची वाक्ये दोनच: ‘आवाज न करता उतर’ आणि ‘गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव’. दर खेपेला पाच-सहा उड्या पुरतात. मोबाइलवर चित्रीकरण करून तिचे तिलाच दाखवले तर सुधारणा लवकर होते. दोन्ही पायांवर जमले की एका पायावर, मग उतरून वळून पळणे. मांडीच्या मागच्या बाजूसाठी नॉर्डिक व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून जितके सावकाश जमेल तितके पुढे झुकायचे. हॅमस्ट्रिंगच्या इजा यामुळे जवळपास निम्म्यावर येतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

महाराष्ट्राला शरीर कमावण्याची परंपरा नवी नाही. तालमीतल्या मेहनतीत जोर, बैठका आणि सपाट्या होत्या. त्यांत ढकलणे आणि पायांचे काम होते. ओढण्याचे काम मल्लखांब आणि दोराने भरून काढले. कुस्तीला पूरक म्हणून मल्लखांबाला पुन्हा उभे करणारे पेशवाईच्या अखेरचे बाळंभटदादा देवधर यांनी पकडीचा आणि पाठीचा असा व्यायाम दिला की त्याच्या तोडीचे यंत्र जिममध्ये सापडणे कठीण. कंबरेतून वाकून भार उचलण्याचे काम हौद्यातली माती फावड्याने उकरताना व्हायचे. ही सगळी अंगे एकाच जागी होती. आता मुले तालीम सोडून जिममध्ये जातात आणि छाती व दंडाशिवाय दुसरे काही करत नाहीत. पाठ, पार्श्वभाग आणि पोटऱ्या तशाच राहतात. मैदानावर धाव, उडी आणि वळण जमते ते मुख्यतः याच स्नायूंच्या बळावर.

तालमीच्या पद्धतीत एक सुधारणा मात्र हवी. पाचशे बैठका काढणारा मुलगा दमसास कमावतो. पहिल्या वीस-तीस बैठकांनंतर ताकदीत पडणारी भर कमी होत जाते आणि थकव्यात गुडघ्यांची ठेवण बिघडते. ताकद हवी असेल तर आकडा न वाढवता बैठक अवघड करावी: छातीशी वाळूची पिशवी धरून, किंवा बाकावर एक पाय टेकवून.

सुरुवात कधी करावी, याला ठरावीक वय नाही. सांगितलेले ऐकून करण्याची समज आणि शरीराचा तोल आला की झाले. बहुतेक मुलांत तो सात-आठ वर्षांपर्यंत येतो. त्या वयात रांगणे, दोरीच्या उड्या, लटकणे, झोंबी यांतूनच ताकद मिळते. पुढे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक व्यायामाचे एक-दोन सेट आणि सेटमध्ये आठ ते बारा आवर्तने पुरतात. सेट संपला तेव्हा आणखी दोन आवर्तने जमली असती, इतके बळ शिल्लक असावे. ठेवण न बिघडता बारा सहज होऊ लागली की भार पाच ते दहा टक्क्यांनी वाढवावा. एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येते, याची पैज मुलांमध्ये लावू देऊ नये.

सर्वांत जास्त वेळ घ्यावा तो कंबरेतून वाकायला शिकवण्यात. पाठीवर उभी काठी धरून ती डोक्याच्या मागे, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडाला टेकवायची. गुडघे जरासे सैल सोडून ढुंगण मागे न्यायचे. तीनपैकी एकाही ठिकाणी काठी सुटली तर पाठीला बाक आला. बरीच मुले पहिल्या दिवशी हे करू शकत नाहीत, कारण त्यांनी आजवर वाकताना पाठच वाकवलेली असते. हे जमल्याशिवाय जमिनीवरून कोणतेही वजन उचलू देऊ नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा फिट्सचा त्रास असलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

व्यायामाइतकेच झोप आणि जेवण महत्त्वाचे. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. एका अमेरिकन अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना इजा होण्याची शक्यता १.७ पट आढळली. पहाटे पाचला ग्राउंड, मग शाळा, मग रात्री नऊपर्यंत क्लास, हे वेळापत्रक कोणत्याही व्यायामाने भरून निघत नाही. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम मिळाली तर चालते. अंड्यातून सहा, पाव लिटर दुधातून आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम मिळतात. डाळ, मटकी, दही जोडीला असेल तर डब्याच्या पावडरीची गरज पडत नाही. त्या पावडरीत काय मिसळले आहे याची खात्री नसते, आणि चाचणीत बंदी असलेले द्रव्य सापडले तर ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर खेळाडूला वाचवत नाही. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम. शंभर ग्रॅममध्ये ते तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असते.

मुलींबाबत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागणारी, लवकर थकणारी खेळाडू दिसली की आधी हिमोग्लोबिन तपासावे. मेहनतीच्या मानाने जेवण कमी पडले तर पाळी लांबते किंवा थांबते, आणि हाडे विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही किंवा सलग तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे जावे. ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून गप्प बसू नये. कुस्तीत वजनगटासाठी पाणी तोडणे, जर्किन घालून घाम काढणे हे प्रकार तर मुलांमध्ये पूर्ण बंद व्हायला हवेत. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन तीन पैलवान काही आठवड्यांच्या अंतराने असेच वजन उतरवताना दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले.

अंग दुखणे आणि इजा यांत फरक करता यायला हवा. दोन्ही मांड्या सारख्या भरून येणे आणि दोन दिवसांत मोकळ्या होणे हे व्यायामाचे दुखणे. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, एकाच बाजूला दुखणे, सूज, लंगडणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, गोलंदाजाची मागे वाकताना दुखणारी कंबर, यांतले काहीही असेल तर खेळ थांबवून तपासणी करावी. गोळी घेऊन सामना खेळवू नये.

शाळा जूनमध्ये उघडतात आणि शालेय स्पर्धांचा हंगाम त्यानंतर काही आठवड्यांतच तोंडावर येतो. ताकदीच्या व्यायामाला गुण यायला किमान आठ आठवडे लागतात. म्हणून क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना एप्रिल-मेच्या सुट्टीतच, सकाळच्या गारव्यात, या व्यायामाला लावावे, आणि स्पर्धा सुरू झाल्यावरही आठवड्यातले दोन दिवस तो चालू ठेवावा.